खडी, डांबर आणि रहदारी : खरडच्या सडकांचा अभ्यास

चंदीगडहून पश्चिमेकडे निघालेली सडक शहराची चौकोनी आखणी मागे टाकते आणि पंधराएक किलोमीटरांच्या आत खरड या जुन्या गावात शिरते. चंदीगड ज्या खेड्यांच्या जमिनीवर वसविण्यात आले ती खेडी पूर्वी अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीत मोडत असत. म्हणजे आज ज्याला राजधानीचे उपनगर समजले जाते ते गाव वस्तुतः त्या राजधानीहून पुष्कळ वडील आहे. १९६६ साली पंजाबची पुनर्रचना झाली, तेव्हा खरड पंजाबात राहिले. पुढे २००६ साली साहिबजादा अजितसिंग नगर, म्हणजे मोहाली, हा नवा जिल्हा झाला व खरडची तहसील त्यात गेली.

खरडचे महत्त्व मात्र तहसिलीमुळे नाही, ते सडकांमुळे आहे. येथे मार्ग फुटतात. एक मार्ग मोरिंड्यावरून लुधियाना, मोगा व फिरोजपूरकडे जातो. दुसरा कुराली व रोपडमार्गे सतलजच्या काठाने हिमाचल प्रदेशात चढतो. तिसरा दक्षिणेस लांडरांकडे वळतो. पूर्वी यांपैकी लुधियाना-फिरोजपूरच्या मार्गास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९५ आणि मनालीकडे जाणाऱ्या मार्गास क्रमांक २१ असे म्हणत. २०१० साली देशातील महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हापासून चंदीगड-खरड-लुधियाना ही वाट क्रमांक ५ च्या महामार्गात आली, आणि खरडपासून रोपडकडे निघणारी वाट क्रमांक २०५ म्हणून ओळखली जाऊ लागली. मैदानातले धान्य, डोंगरातली फळे व सिमेंट, नदीपात्रातली वाळू व खडी, चंदीगडला नोकरीस जाणारे चाकरमाने आणि सुटीला निघालेले प्रवासी हे सर्व एका गावातून जातात. रस्ते-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याहून सोयीची प्रयोगशाळा क्वचितच सापडेल. खरडच्या परिसरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, घरूआं येथे २०१२ साली स्थापन झालेले चंदीगड विद्यापीठ तर लुधियाना सडकेच्या कडेलाच आहे. तेथील विद्यार्थी जे प्रश्न पुस्तकात वाचतात ते फाटकाबाहेर चालत असतात.

'खरड' हे नाव मराठी वाचकाच्या कानाला जरा वेगळे वाटेल. पावसाने जमीन खरडून जाते, तो शब्द त्याला आठवेल. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, हा योगायोग अगदीच निरर्थक नाही. उत्तरेकडच्या शिवालिक टेकड्या ठिसूळ आहेत आणि त्यांची माती व गोटे पावसाळी ओढे, ज्यांना पंजाबात 'चो' म्हणतात, दरवर्षी खाली आणून टाकीत असतात. खरडची भूमी याच गाळाची बनलेली आहे. तीत खोलवर खणले तरी खडक लागत नाही.

सडकेच्या अभ्यासाची सुरुवात येथून करावयास हवी. महाराष्ट्रातील वाचकाला हे सहज ध्यानात येणार नाही, कारण त्याच्या पायाखाली काळा पत्थर आहे. दख्खनच्या पठारावर कोणत्याही गावाच्या शिवारात खाण काढावी आणि खडी फोडावी, मुरूम तर बहुधा टेकडीच्या अंगावरच मिळतो. तेथे अडचण दगडाची नाही, काळ्या मातीची आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यावरची सडक वर्षातून दोनदा हलते. पंजाबच्या मैदानात याच्या नेमके उलट आहे. माती रेताड व गाळवट, बऱ्यापैकी भार सोसणारी व फारशी न फुगणारी, पण दगड दूरचा. म्हणूनच जुन्या काळी या मैदानातील सडका, ग्रँड ट्रंक रोडसुद्धा, 'कंकर' घालून पक्क्या करीत. कंकर म्हणजे मातीत आढळणारे चुन्याचे गोळे. ते कुटून, पाणी मारून दाबले की त्यांचा एक घट्ट थर होई. बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली तो झिजे आणि उन्हाळ्यात त्याची पांढरी धूळ उडे, पण भागत असे. जेथे कंकरही नव्हता तेथे विटांचा आधार घेतला गेला. भट्टीत जास्त भाजून काळसर झालेल्या, घरबांधणीस निरुपयोगी अशा विटा फोडून त्यांची खडी करीत. खेड्यांना बाजारपेठांशी जोडणाऱ्या सडकांना पंजाबात १९६० च्या दशकात मोठा वेग आला. लछमनसिंग गिल यांच्या अल्पजीवी मंत्रिमंडळाचे (१९६७-६८) नाव आजही लोक या जोडरस्त्यांसाठीच काढतात. त्या काळच्या कित्येक सडकांच्या पोटात विटांचाच थर होता.

अखिल भारतीय पातळीवर रस्त्यांचा विचार सुरू झाला तो याच्या बराच आधी, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९२७ साली मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय मार्गविकास समिती नेमली गेली. रस्ते ही केवळ प्रांतांची वा स्थानिक मंडळांची बाब नव्हे, मोटारगाडीने तिला राष्ट्रव्यापी केले आहे, असा समितीचा एकूण रोख होता. तिच्या शिफारशींवरून १९२९ साली केंद्रीय मार्गनिधी आणि १९३४ साली भारतीय मार्ग परिषद अस्तित्वात आली. १९४३ साली नागपूर येथे देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली व तेथे रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण असे वर्गीकरण ठरले. दिल्लीची केंद्रीय मार्ग संशोधन संस्था १९५२ पासून काम करू लागली. आज खरडच्या चौकात उभा राहून एखादा तरुण अभियंता जी प्रमाणके हाताशी धरतो ती या परंपरेतून आलेली आहेत.

सडकेचे तत्त्व सोपे आहे. चाकाचा भार तळहाताएवढ्या जागेवर पडतो. तो तेवढ्याच जागेतून मातीत उतरला तर माती दबेल. म्हणून मातीवर थरांवर थर रचावयाचे, सर्वांत मजबूत व महाग थर वर आणि साधे व स्वस्त थर खाली, म्हणजे भार खाली उतरताना पसरत जातो व मातीपर्यंत पोचेतो त्याची धार बोथट होते. मातीची शक्ती जितकी कमी तितकी वरच्या थरांची जाडी अधिक. आता ही शक्ती मोजावयाची कशी? याचे एक उत्तर १९२० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात सापडले व ते जगभर रूढ झाले. साच्यात माती ठोकून भरतात, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि नंतर ५० मिलिमीटर व्यासाचा एक दट्ट्या तीत सावकाश, मिनिटाला १.२५ मिलिमीटर या गतीने, रेटतात. तो २.५ मिलिमीटर आत शिरण्यास जो भार लागतो त्याची तुलना उत्तम खडीसाठी ठरविलेल्या १३७० किलोग्रॅम या प्रमाणभाराशी करतात. माती त्याच्या शेकडा किती भार घेते, तो तिचा अंक. भिजलेल्या काळ्या मातीचा अंक दोन-तीनच्या आसपास रेंगाळतो, तर चांगल्या रेताड मातीचा त्याच्या कित्येक पट असू शकतो. कसोटीपूर्वी माती चार दिवस पाण्यात का ठेवतात, हे पावसाळ्यात सडक पाहिलेल्या माणसाला सांगण्याची गरज नाही.

मातीच्या बाबतीत खरड सुदैवी आहे. खडीच्या बाबतीत प्रश्न थोडा गुंतागुंतीचा होतो. येथे खडी येते ती खाणीतून कमी आणि नद्यांच्या पात्रांतून अधिक, म्हणजे सतलज, स्वां, घग्गर आणि त्यांना मिळणारे ओढे यांतून. पाण्याने शेकडो वर्षे घासलेले हे गोटे कठीण असतात यात संशय नाही. खडीच्या कठीणपणाची एक साधी कसोटी आहे. सुमारे १४ किलोग्रॅमचा हातोडा ३८ सेंटिमीटर उंचीवरून पंधरा वेळा खडीवर पाडतात आणि चुरा किती झाला ते चाळून पाहतात. सडकेच्या सर्वांत वरच्या थरासाठी हा चुरा २४ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि नदीतला चांगला गोटा या कसोटीस बहुधा सहज उतरतो. त्याचे दोन दोष मात्र या कसोटीत दिसत नाहीत.

पहिला दोष आकाराचा. गोल गोटा गोल गोट्यावर घसरतो. खडीच्या थराची ताकद केवळ दगडाच्या कठीणपणात नसते, कोपऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवण्यात असते. म्हणून गोटे यंत्रात फोडावे लागतात, आणि वरच्या डांबरी थरासाठी तर निदान ९० टक्के खडीच्या दोन बाजू फोडलेल्या असाव्यात असे प्रमाणक सांगते. लहान गोटा फोडला तर त्याची एखादीच बाजू फुटते व उरलेली पाठ गुळगुळीतच राहते. मोठे गोटे संपत चालले की ही अट पाळणे कठीण होते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे आणि त्याची किंमत दरवर्षी मोजावी लागते. शिवालिकच्या ओढ्यांतील गोट्यांत गारेचा, म्हणजे सिलिकेचा, अंश मोठा असतो. अशा दगडाला डांबरापेक्षा पाणी अधिक प्रिय आहे. कोरड्या व गरम स्थितीत त्यावर डांबर चढते, चकाकते, पाहणाऱ्याचे समाधान होते. पण पुढे भेगेतून वा कडेने पाणी आत झिरपले की ते दगड आणि डांबर यांच्यामध्ये शिरते व डांबराची साय अलगद सोडविते. वरून चाके जात असतात, प्रत्येक चाक त्या पाण्याला दाबते व पुन्हा ओढून घेते. काही दिवसांत खडी सुटी होऊन कडेला जमते आणि खड्डा दिसू लागतो. काळा पत्थर या बाबतीत पुष्कळ बरा, त्याची प्रकृती डांबराला मानवते. मुंबई-पुण्याच्या वाटेवर ज्या कृतीने डांबरी थर टिकला तीच कृती रोपडच्या गोट्यांवर जशीच्या तशी वापरली तर ती फसू शकते, आणि मग दोष ठेकेदाराचा की दगडाचा हा वाद सुरू होतो. वास्तविक दगडाचा स्वभाव आधी ओळखता येतो. डांबर लावलेली खडी ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २४ तास ठेवावयाची आणि डांबर कितपत टिकले ते पाहावयाचे, एवढीच ती परीक्षा. निदान ९५ टक्के आवरण राहिले पाहिजे. न राहिल्यास मिश्रणात थोडा चुना वा चिकटपणा वाढविणारे रसायन घालतात. खर्च थोडा वाढतो. तो वाचविण्याचा मोह आणि पहिला पाऊस यांची गाठ नेमकी पडते.

डांबराचीही निवड हवामानावर अवलंबून असते. पूर्वी डांबराची प्रत सुई त्यात किती रुतते यावरून ठरवीत. २००६ च्या भारतीय प्रमाणकानंतर ती त्याच्या दाटपणावरून ठरविली जाते. खरडला जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो व काळी सडक हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, तर जानेवारीतल्या धुक्याच्या रात्री ती गारठते. पातळ डांबर उन्हाळ्यात चाकाखाली सरकून लांबच लांब चर पाडते आणि फार दाट डांबर थंडीत तडकते. दोहोंच्या मधून वाट काढावी लागते.

परंतु सर्वांत मोठा शत्रू पाणीच. जुलै २०२३ मध्ये चंदीगड परिसरात २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. खरडच्या कित्येक वसाहतींत पाणी शिरले. अशा पावसात कोणतीही सडक बुडेल हे मान्य केले तरी नेहमीच्या पावसात ती का बुडावी, हा प्रश्न उरतोच. सात मीटर रुंदीच्या डांबरी सडकेला मध्यापासून कडेकडे अडीच टक्के उतार दिला तर मध्य आणि कडा यांच्या उंचीत जेमतेम नऊ सेंटिमीटरांचा फरक पडतो. एवढ्याशा फरकावर सडकेचा निचरा चालतो. कडेला दुकानदाराने पायरी बांधली, घरमालकाने अंगण उंच केले, मोरीच्या तोंडाशी माती साठली की तो संपला. सडकेवर दर काही वर्षांनी नवा थर चढवीत गेले की ती घरांहून उंच होते व पाणी घरांत जाते, आणि न चढविला तर पाणी सडकेवर राहते. झपाट्याने वाढणाऱ्या प्रत्येक गावाचे हे दुखणे आहे आणि ते डांबराच्या प्रतीने बरे होणारे नाही.

आता भाराकडे वळू. सडक वाहनांच्या संख्येने झिजते असे सामान्यतः समजले जाते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक प्रचंड प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या वर्तुळाकार सडकांवर सैनिकांनी रात्रंदिवस मालमोटारी चालविल्या, चाकांच्या जोडीच्या, म्हणजे आसाच्या, सुमारे ११ लाख फेऱ्या मोजल्या आणि कोणत्या भाराने कोणती सडक केव्हा मोडली याची नोंद केली. त्यातून जो नियम निघाला त्याने रस्ते-अभियंत्यांची दृष्टीच बदलली. सडकेची हानी आसावरच्या भाराच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट केला तर हानी दुप्पट होत नाही, सोळापट होते.

८.१६ टन हा प्रमाण आसभार धरून हिशेब करून पाहण्यासारखा आहे. छोट्या मोटारीच्या एका आसावर अर्धा टन भार धरला तर एका प्रमाण आसाइतकी हानी करण्यास अशा सुमारे ७०,००० आसांना जावे लागेल. म्हणजे सडकेच्या बळाच्या दृष्टीने मोटारी जवळजवळ नगण्य. उलट, चार टायरांच्या मागच्या आसावर भारतात पूर्वी कायद्याने १०.२ टन भार नेता येत असे. तो प्रमाण आसाच्या सव्वापट, तेव्हा हानी सुमारे २.४ पट. २०१८ साली ही मर्यादा ११.५ टनांवर नेण्यात आली. भारात वाढ साडेबारा टक्क्यांच्या आसपास, पण हानी जवळजवळ चौपट झाली, म्हणजे आधीच्या मर्यादेच्या तुलनेत ती साठ टक्क्यांहून अधिक वाढली. मालवाहतूक स्वस्त झाली हे खरे. तिचा काही भाग सडकेने सोसला हेही तितकेच खरे. आणि हे कायद्यातल्या भाराचे झाले. नदीपात्रातून ओली वाळू वा खडी शिगोशीग भरून निघालेल्या गाडीच्या आसावर १६ टन आले तर ती एक गाडी कायदेशीर गाडीच्या कित्येक पट सडक खाते. कुराली-खरडच्या वाटेवरून जाणारी खडी पुष्कळदा सडका बांधण्यासाठीच जात असते.

जाडीच्या हिशेबात एक दिलासा आहे. भारतीय मार्ग परिषदेने डांबरी सडकांच्या रचनेचे मार्गदर्शन १९७० साली प्रथम प्रसिद्ध केले आणि त्यानंतर ते अनेकदा सुधारले. त्यातील आलेख पाहिले तर दिसते, की दुप्पट वाहतुकीसाठी दुप्पट जाडी लागत नाही, थोडीशी भर पुरते. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन सेंटिमीटर अधिक टाकणे हे पुढच्या दुरुस्तीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते. हे ठाऊक असूनही अंदाजपत्रकात कात्री लागते ती बहुधा याच थरांना, कारण ते सडकेच्या पोटात असतात व उद्घाटनाच्या दिवशी कोणाला दिसत नाहीत.

मजबूत सडक म्हणजे चालती सडक असे मात्र नाही. खरडचा खरा छळ कित्येक वर्षे मजबुतीमुळे झाला नाही, तुंबण्यामुळे झाला. रहदारी मोजताना अभियंता प्रत्येक वाहनाचे मोटारीत रूपांतर करतो. मार्ग परिषदेच्या १९९० सालच्या मार्गदर्शनाप्रमाणे ग्रामीण महामार्गावर मोटार म्हणजे एक, मोटारसायकल अर्धी, बस वा मालमोटार तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी आठ. बैलगाडी जागा आठपट अडविते असा याचा अर्थ नव्हे. तिच्या मंद गतीमुळे मागच्यांचा जो खोळंबा होतो तो यात मोजला आहे. समजा, एका तासात ६०० मोटारी, ८०० दुचाक्या, २०० मालमोटारी व बसगाड्या आणि ४० ट्रॉल्या गेल्या. वाहने झाली १,६४०, त्यात ट्रॉल्या शंभरांत अडीचसुद्धा नाहीत. रूपांतर केल्यावर मोटारींचे ६००, दुचाक्यांचे ४००, मालमोटारी-बसगाड्यांचे ६०० आणि ट्रॉल्यांचे १८० असे १,७८० एकक होतात, आणि त्यांत ट्रॉल्यांचा हिस्सा दहा टक्के भरतो. गव्हाच्या व भाताच्या हंगामात मंडीकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हा आकडा कमीच वाटेल.

त्याच मार्गदर्शनात मैदानी प्रदेशातील दुपदरी सडकेने दिवसाला १५,००० एकक वाहावेत असे धरले आहे आणि चौपदरी सडकेने ३५,०००, बाजूपट्ट्या पक्क्या असतील तर ४०,०००. पदर दुप्पट केले तर वहनशक्ती दुपटीहून अधिक वाढते, याचे कारण उघड आहे. दुपदरी सडकेवर पुढच्याला मागे टाकावयाचे तर समोरून येणाऱ्याच्या पदरात शिरावे लागते. चौपदरीवर ते लागत नाही. पण हे आकडे मोकळ्या सडकेचे. बाजारातून जाणाऱ्या सडकेला ते लागू पडत नाहीत, कारण तेथे एक पदर उभ्या गाड्यांचा, अर्धा फेरीवाल्यांचा आणि उरलेला रस्ता ओलांडणाऱ्यांचा असतो. अमेरिकेत ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३० च्या दशकात चलच्चित्राचा कॅमेरा लावून वाहने मोजली आणि दाखवून दिले, की गर्दी वाढते तसा वेग घटत जातो. प्रथम सडकेवरून जाणाऱ्या वाहनांची संख्या वाढते, मग एका मर्यादेनंतर गर्दी आणखी वाढली की जाणाऱ्यांची संख्याच कमी होऊ लागते. सडक भरलेली दिसते आणि वाहत मात्र नाही. खरडच्या मुख्य चौकात ही अवस्था नित्याची झाली होती. आपल्याकडील मिश्र वाहतुकीला परदेशी आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, म्हणून केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेने देशभर मोजणी करून २०१७ साली महामार्गांच्या वहनशक्तीची स्वतंत्र भारतीय संहिता तयार केली.

खरडवर उपाय म्हणून गावावरून उन्नत मार्ग नेण्यात आला. लांबचा प्रवासी वरून जाईल, गावचा माणूस खालून. कल्पना बिनतोड होती. पण ती पुरी होईपर्यंतची वर्षे गावाने धूळ, खड्डे व खोळंबा यांत काढली. महामार्गाची सारी रहदारी त्या काळात बाजूच्या अरुंद पट्ट्यांवर वळली, ज्यांचे पोट अशा भारासाठी कधीच घडविले नव्हते. बांधकामाच्या काळातील वळणवाट ही तात्पुरती म्हणून पातळ बांधावयाची, आणि काम लांबले की तीच वर्षानुवर्षे महामार्ग होऊन बसते, हा अनुभव देशात सार्वत्रिक आहे. आता उन्नत मार्ग चालू झाला आहे. चौक हलका झाला. तथापि पूल जेथे उतरतो तेथे वरची व खालची रहदारी पुन्हा एकत्र येते आणि गर्दीचे ठिकाण थोडे पुढे सरकते. सडक सुधारली की तिच्या कडेला वसाहती उठतात हे तर खरडने डोळ्यांदेखत पाहिले आहे. चंदीगडमध्ये घर न परवडणारा नोकरदार येथे सदनिका घेतो, रोज गाडीने जातो-येतो आणि मोकळी झालेली सडक पुन्हा भरू लागते.

या सर्व बांधकामाला दगड लागतो, आणि तो नदीतून येतो. नदी दरवर्षी जेवढे गोटे आणते तेवढे काढले तर हिशेब जुळतो, अधिक काढले तर पात्र खोल जाते, काठ ढासळतात, आजूबाजूच्या विहिरींचे पाणी उतरते आणि पुलांचे पाये उघडे पडतात. हरियाणातील खाणकामाविषयीच्या दाव्यात फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील वाळू-खडीच्या उत्खननासही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरविली. तरी चोरटे उत्खनन थांबले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पंजाब-हिमाचलच्या सीमेवरील चक्की नदीचा जुना रेल्वेपूल पुरात कोसळला, तेव्हा पात्रातील बेसुमार उत्खननाकडेच बोट दाखविले गेले. एका पुलासाठी काढलेली खडी दुसऱ्या पुलाचा पाया खाते, असे हे चक्र आहे.

म्हणून संशोधकांचे लक्ष खडीला व मातीला पर्याय शोधण्याकडे वळले आहे. खरडच्या भोवताली असे पर्याय विपुल आहेत. चाळीसेक किलोमीटरवर रोपडजवळच्या घनौली येथे १९८४ पासून औष्णिक वीजकेंद्र चालते. तेथील कोळशाची राख भरावासाठी उपयोगी पडते. ती मातीहून हलकी असल्यामुळे खालच्या जमिनीवर भार कमी येतो, आणि चुना मिसळल्यास ती सिमेंटसारखी धरते. दिल्लीत यमुनेवरील दुसऱ्या निजामुद्दीन पुलाच्या पोहोचमार्गासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती वापरली गेली व भराव टिकला. मात्र राख उघडी राहिली तर पावसाने खरडली जाते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी व वरून चांगल्या मातीचे आवरण घालावे लागते. हे आवरण घालण्यात कसूर झाली की बचत वाहून जाते. मंडी गोबिंदगडच्या पोलाद भट्ट्यांची मळी हाही एक पर्याय. ती कठीण व कोपरेदार असते, नदीतल्या गोट्याचा पहिला दोष तिच्यात नाही. पण सर्व मळी सारखी नसते. काही प्रकारांत मुक्त चुना राहून तो पाण्याने फुगतो, म्हणून वापरण्यापूर्वी ती मुरवावी व तपासावी लागते.

प्लास्टिकची गोष्ट वाचकाच्या कानांवर आली असेल. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी या शतकाच्या आरंभी दाखविले, की टाकाऊ पिशव्यांचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर टाकले तर ते वितळून दगडावर पातळ आवरण धरतात व त्यावर डांबर अधिक चांगले चिकटते. वासुदेवन यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. खरडच्या गारेच्या दगडाला, ज्याचे पाण्याशी सख्य आहे, हे आवरण विशेष उपकारक ठरण्याजोगे आहे. २०१५ साली केंद्र सरकारने पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून ५० किलोमीटरांच्या आतील राष्ट्रीय महामार्गांच्या डांबरी थरांत टाकाऊ प्लास्टिक वापरावे असे ठरविले, आणि चंदीगडमुळे खरड या कक्षेत येते. अडचण तंत्राची नाही, कचऱ्याच्या वर्गवारीची आहे. तापविल्यावर विषारी वायू सोडणारे प्लास्टिक, उदाहरणार्थ नळांचे, त्यात मिसळता कामा नये, आणि हे वेचण्याचे काम शेवटी कोणाच्या तरी हातांनीच करावे लागते.

सर्वांत अलीकडचा पर्याय थेट पंजाबच्या शेतातून येतो. भाताची कापणी झाली की उरलेला पेंढा, ज्याला तेथे 'पराळी' म्हणतात, शेतातच जाळतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचा धूर दिल्लीपर्यंत पोचतो. या पेंढ्यात, तसेच इतर वनस्पतिजन्य टाकाऊ मालात, लिग्निन नावाचे द्रव्य असते. तेच काष्ठाला ताठपणा देते. ते वेगळे काढून डांबरात काही प्रमाणात मिसळता येते, तेवढे खनिज तेलापासूनचे डांबर वाचते. अशा मिश्रणाचा राष्ट्रीय महामार्गावरील एक प्रायोगिक पट्टा डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. तो पंजाबात नाही, नागपूर-मनसर मार्गावर, क्रमांक ४४ च्या महामार्गावर आहे. तेथे दगड विदर्भाचा, ऊन मे महिन्यात ४५ अंशांच्या वरचे आणि मालमोटारी उत्तर-दक्षिण वाहतुकीच्या. पट्ट्यावर चर किती पडतात, भेगा केव्हा दिसतात, आसाखाली पृष्ठभाग किती दबतो व किती परत येतो, ही मापे काही पावसाळे घेत राहावी लागतील. खरडच्या गोट्यांवर हे मिश्रण कसे वागेल हे पाहावयाचे तर ४० अंशांच्या पाण्यातील २४ तासांची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.